आठ महिन्यांची रजा

रामाकोन्यात कवडू दोन होते. एक बकऱ्या विकायचा म्हणून बोकड कवडू, आणि दुसरा कवडू सोमकुवर, ज्याचा मुलगा मुंबईला कंपनीत होता म्हणून कंपनी कवडू. कंपनी कवडूनं स्वतः कधी कंपनी पाहिली नव्हती. त्याची सारी हयात साडेतीन एकर जमीन, एक विहीर आणि दीडशे संत्र्यांची झाडं एवढ्यातच गेली. पण हिरामण नागपूरला बी.कॉम. झाला, पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या हेड ऑफिसात लागला, आणि कवडूची चालच बदलली. तो हात मागं बांधून चालू लागला. फाट्यावरच्या मोतीरामच्या हॉटेलात चहा प्यायला गेला की लोक सरकून जागा द्यायचे. कोणाला बैल घ्यायचा असो की पोरीची सोयरीक जमवायची असो, "कंपनीभाऊ, तुमचं काय म्हणणं?" असं आधी विचारलं जाई. बैलाचा आणि पंख्याचा संबंध काय, हे कोणी काढलं नाही. कवडूनं कशाला काढावं?

हिरामणनं एकदा कंपनीचा पंखा आणून घरात लावून दिला होता. वीज पाहुण्यासारखी यायची आणि तोंड दाखवून जायची. तरी आल्यागेल्याला कवडू त्या थांबलेल्या पंख्याखाली बसवी आणि थोड्या वेळानं विचारी, "कशी वाटते हवा?" पाहुणा भला असेल तर म्हणे, "गार हाये."

तर शहाऐंशी सालच्या जून महिन्यात हिरामण नागपूरहून आलेल्या छोट्या लाइनच्या गाडीतून उतरला. कवडू बैलबंडी घेऊन स्टेशनवर गेला होता. सामान चढवून निघाले, तर वाटेत मोतीराम हॉटेलातूनच ओरडला, "जयभीम हिरामण, किती दिवसाची रजा?"

हिरामणनं तोंड उघडलं, पण बाप त्याच्या आधी बोलून गेला. "महिन्याची. यंदा महिन्याची देल्ली कंपनीनं."

कवडूला असं कोणी सांगितलं नव्हतं. पण मोतीरामनं विचारावं आणि आपल्याला ठाऊक नसावं, हे काही बरं दिसलं नसतं.

बंडी नाल्यापाशी आली तेव्हा हिरामण म्हणाला, "बाबा, मी नोकरी सोडली."

कवडूनं बैल थांबवले. "काढलं तुले?"

"नाही. राजीनामा देल्ला."

"काही चोरीबिरी?"

"नाही बाबा."

"मंग साहेबाले मारलं?"

"साहेब तं चांगला माणूस होता. निरोपाले पेढे वाटले त्यानं."

हे ऐकून कवडू जास्तच खचला. साहेबाला मारून आला असता तर गावात सांगण्यासारखं काही तरी झालं असतं. चांगली नोकरी, चांगला साहेब, वर पेढे, आणि पोरगा परत. हे सांगायचं कसं?

"आठ वर्षं झाली, बाबा," हिरामण म्हणाला, "पंख्याच्या कंपनीत राहून एकई पंखा माह्या हातून नाही बनला. कोणाचा पंखा खडखड करते, तो चिठ्ठी पाठवते. मी लिहितो, आपली तक्रार मिळाली. मंग त्याची दुसरी चिठ्ठी येते का पंखा अजून खडखडूनच राहिला. मी लिहितो, आपली दुसरी तक्रार मिळाली."

"बरोबर लिहिलं. कामच ते."

"मले कलमा बांधायच्या हायेत. संत्र्याच्या."

कवडूनं कपाळावर हात मारला. संत्र्याची कलम म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. शाळेत असताना हिरामण हेच शिकायला चिंधू कलमवाल्याच्या मागं मागं फिरायचा, आणि हाच कवडू त्याला कानाला धरून पुस्तकासमोर आणून बसवायचा. एवढं बसवून, एवढं शिकवून पोरगा फिरून चिंधूकडंच निघाला होता.

"बरं," शेवटी कवडू म्हणाला, "पण लोकायले तू सांगू नको. मी सांगीन. हळूहळू." आणि पोराकडून तसा शब्दच घेतला.

घरी देवकाबाईनं सगळं ऐकलं, पोराच्या ताटात आणखी एक भाकर टाकली आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "तुमी काहून तोंड पाडून राहिले जी? नोकरी तं त्याची गेली. असं दिसते का तुमचीच गेली."

खरं बोलायची देवकाबाईला वाईट सवय होती.

महिना संपला. मोतीरामनं कप पुढं सरकवत विचारलं, "संपली नाही का पोट्ट्याची रजा?"

"वाढवली. कंपनी मोठी हाये, तं रजाई मोठी."

ऑगस्टात कवडूनं सांगितलं की जुनी शिल्लक रजा कंपनी आता एकदम देऊन राहिली. सप्टेंबरात हेड ऑफिसाला चुना मारायचं काम निघालं, आणि बसायला जागाच नाही म्हणून निम्मे लोक घरी पाठवले. दिवाळीला चुना वाळत होता. मोतीराम प्रत्येक वेळी गंभीरपणे मान हलवी आणि बाकीच्यांना म्हणे, "पाहा, अशी पाहिजे कंपनी."

पण हिरामण शेतात दिसत होता, त्याचं काय करायचं? कवडूनं तोड काढली. पोरानं शेतात जायचं ते पँट, इन केलेला शर्ट आणि काळे बूट घालूनच. रजेवर आलेला साहेब सहज शेत पाहायला आला, असं वाटलं पाहिजे. हिरामण बांधापर्यंत बूट घालून जाई, तिथं काढून ठेवी आणि अनवाणी वाफ्यात उतरे. कवडू बुटांपाशी राखणीला बसे. वाटेनं कोणी येताना दिसला की तो खोकायचा, आणि हिरामण धावत येऊन चिखलाचे पाय बुटात कोंबायचा. त्या पावसाळ्यात कवडू इतका खोकला की बोकड कवडूनं त्याला अडुळशाचा पाला आणून दिला.

पावसाळ्यातच हिरामणनं दोन हजार जंबेरीची रोपं वाफ्यात लावली होती. थंडी पडली तसा चिंधू आला आणि दोघं कलमा बांधायला बसले. चिंधू साठीचा, बिडी आणि तोंड दोन्ही सतत चालू. एक गाव झालं की दुसऱ्या गावी कलमा बांधत फिरायचा. हिरामणचा चाकू आधी अडखळला, मग आठवलं, मग चालू लागला. चिरेत डोळा असा बसे की जणू तो तिथूनच निघाला असावा. प्रत्येक वाफ्याला त्यानं पाटी लावली, पाटीवर तारीख आणि कोणत्या झाडाचा डोळा ते लिहिलं. "ऑफिस काही सुटत नाही तुया अंगातून," चिंधू म्हणाला, पण पाट्या वाचून पाहायचा.

बुटांपाशी बसलेला कवडू हे सगळं तिरप्या डोळ्यानं पाही. एकदा तो राखण सोडून वाफ्यात गेला आणि एका बांधलेल्या डोळ्यावरून बोट फिरवलं. पोराच्या हातात काहीतरी होतं, हे कबूल करावं लागत होतं. फक्त ते मोतीरामच्या हॉटेलात कबूल करता येत नव्हतं. तिथं त्या संध्याकाळी त्यानं नवीनच सांगितलं. "कंपनीनंच पाठवलं त्याले. संत्र्याचा अभ्यास कराले."

"पंख्याच्या कंपनीनं?" मोतीरामनं विचारलं.

"पंखा काय देते? हवा. अन हवा येते कुठून? झाडातून."

बाकावरच्या सगळ्यांनी बाहेरच्या झाडाकडं पाहिलं. मग मोतीराम म्हणाला, "हे माह्या ध्यानात नव्हतं आलं."

फेब्रुवारीत पांढुर्ण्याहून पोस्टकार्ड आलं. वामनराव ढोके नावाचे संत्रा बागायतदार, त्यांची मुलगी इंदू, मॅट्रिक पास. रविवारी मुलगा पाहायला येतो, असं लिहिलं होतं. कवडूनं ते कार्ड चार वेळा वाचलं. चांगलं घर होतं. हिरामण एकतीस वर्षांचा झाला होता, आणि मुंबईतून आल्यापासून हे पहिलंच स्थळ. हे हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. पांढुर्ण्यापर्यंत कंपनीचं नाव पोचलं म्हणून हे आलं, यात कवडूला काडीची शंका नव्हती. त्यानं गावाच्या वतीनं बसायला मोतीरामला बोलावलं. हिरामण म्हणाला, "बाबा, आता तरी खरं सांगून देऊ." कवडू म्हणाला, "साक्षगंध होऊ दे. मंग सांगू. तू फक्त टाय बांध."

रविवारी वामनराव आले. उंच, उन्हानं रापलेले, नखांत माती. ते पंख्याखाली बसले, आणि कवडू सुरू झाला. कंपनीची इमारत सात मजल्यांची. लिफ्टमध्ये बसलं की पोटात गोळा येते. साहेब हिरामणशिवाय कागदावर सही करत नाही. वामनराव आधी "हो का" म्हणाले, मग "हं" म्हणाले. पोह्यांची बशी त्यांनी अर्धी ठेवली. आपण कमी पडून राहिलो असं वाटून कवडूनं आणखी दोन मजले चढवले.

"म्हंजे तुमचा मुलगा वापस मुंबईले जाणार?" वामनरावांनी विचारलं.

"जाणार म्हंजे? सोमवारची गाडी हाये. तार आली साहेबाची."

वामनरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "मंग कवडूभाऊ, आमचं जमत नाही. चुकीच्या घरी आलो मी."

देवकाबाई आतून दारात येऊन उभी राहिली. वामनराव म्हणाले, "चिंधू कलमवाला आमच्याकडं येते. त्यानं सांगतलं, रामाकोन्यात एक पोरगा हाये, मुंबईची नोकरी सोडून कलमा बांधून राहिला. शंभरातले नव्वद डोळे लागतेत त्याचे. माही इंदू लहानपणापासून बागेत. कलमा माह्या मुलापेक्षा चांगल्या बांधते. तिनं साफ सांगतलं, मले नोकरीवाला नको, दिवसभर खोलीत बसून मी काय करू? म्हणून त्या पोराले पाहाले आलो होतो. कंपनीवाले तं पांढुर्ण्यात तीन येऊन गेले."

साऱ्या गावाची तोंडं कवडूनं आठ महिने सांभाळली होती. चिंधूचं तोंड तेवढं राहून गेलं होतं.

हिरामण उठायला लागला. पण त्यानं शब्द दिला होता, म्हणून आधी बापाकडं पाहिलं. कवडूनं मोतीरामकडं पाहिलं. मोतीराम भिंतीला टेकून शांतपणे चिवडा खात होता. उद्या हॉटेलात काय काय होईल, ते कवडूच्या डोळ्यापुढून एका दमात गेलं. मग त्यानं पोराकडं पाहिलं. टाय उजवीकडं गेला होता आणि हाताच्या बोटांवर चाकूच्या बारीक खुणा होत्या.

"बसा वामनराव," कवडू म्हणाला. "तोच हाये हा पोरगा. कोणती तार नाही आली. जूनमध्येच सोडली त्यानं नोकरी, आपल्या मनानं. मी लपवून राहिलो होतो. त्याची काही चूक नाही, खोटं सगळं माहं."

बोलून झाल्यावर त्यानं मान खाली घातली. ती वर करायचं धाडस मोतीरामच्या आवाजानं आलं.

"कवडूभाऊ," मोतीराम म्हणाला, "आमाले माहीत होतं ना."

"कधीपासून?"

"चिंधू कलमा बांधाले आला तवापासून पक्कं. शंका तं चुन्यापासूनच होती."

"मंग विचारत काहून होते रे दर वेळी?"

"बाप्पा, तुमी सांगतच इतकं चांगलं होते. त्या हवेच्या गोष्टीसाठी तं लोक खैरीतांड्याहून येऊन बसले हॉटेलात. माहा चहा खपला."

वामनराव आधी हसले, मग देवकाबाई हसली, आणि तिचं हसू एकदा सुटलं की लवकर आवरत नसे. हिरामण टाय सोडत होता. कवडूनं रागवून पाहायचं ठरवलं, पण ते जमलं नाही, आणि तोही हसू लागला.

सगळे शेतात गेले. वामनराव वाफ्यावाफ्यानं वाकून पाहत चालले. डोळ्यांना कोंब फुटले होते, बोटभर, पोपटी. त्यांनी एका कलमेचा जोड अंगठ्यानं दाबला, पाट्या वाचल्या, मग म्हणाले, "इंदूनं एक गोष्ट विचाराले सांगतली. डोळे कोणत्या झाडाचे घेतले?"

"विहिरीजवळच्या दोन झाडायचे," हिरामण म्हणाला. "बाकीचे एक साल फळतेत, एक साल बसतेत. हे दोन दर साल देतेत. अन जोमानं सरळ वाढलेल्या फांदीचा एकई नाही घेतला, तिचं झाड काट्याचं होते, फळ उशिरा."

वामनरावांनी मान डोलावली. ते उत्तर घरी जसंच्या तसं सांगावं लागणार होतं, म्हणून त्यांनी ते एकदा पुन्हा म्हणवून घेतलं. मग कवडूकडं वळले. "येत्या रविवारी तुमी या. तिलेई तुमचा पोरगा पाहू द्या. तिचं जमलं तं गहू निघाल्यावर साक्षगंध करू."

"जमन," देवकाबाई म्हणाली. तिला त्या मुलीचा प्रश्नच आवडला होता.

उन्हं कलली तेव्हा कवडू वामनरावांना बसमध्ये बसवून द्यायला फाट्यावर गेला. मोतीरामनं न सांगता चहा आणला आणि किटली हातात धरून तिथंच उभा राहिला.

"खरं सांगा, इवाई," वामनराव आत्तापासूनच व्याही होऊन हळूच म्हणाले, "मी आलो नसतो अन नववा महिना लागला असता, तं काय सांगणार होते?"

कवडूनं चहाचा घोट घेतला. "तयारच होतं. साहेबाले राहावलं नाही. तोच हेड ऑफिस सोडून इकडं येऊन राहिला. हिरामणच्या हाताखाली कलमा शिकाले."

"हे मी मानलं असतं," मोतीराम म्हणाला.

पांढुर्ण्याच्या वाटेवरची सौसरची बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. वामनराव उठले, उपरणं झटकलं, आणि पुन्हा खाली बसले.

"दुसरी असन ना बस?" त्यांनी मोतीरामला विचारलं आणि कप पुढं केला. "अन दहाव्या महिन्याले?"

"दहाव्याचं असं हाये, इवाई," कवडू म्हणाला, आणि बस त्यांना सोडून निघून गेली.