शमीमआपांची विलायती मेंदी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो तर बिचारा काही न कळताच गेला. आधी मूर्खपणा सांगते, पाप मागून येतंच आहे. मी विलायती मेंदीची डहाळी काळ्या मातीत लावली.

अकोल्याला, जठारपेठेत, आमच्या भिंतीपलीकडे शमीमआपा राहायच्या. त्यांच्या अंगणात त्या मेंदीचं झुडूप होतं. तिनं हात रंगत नाहीत, पण पान चुरगळलं की बोटांना दिवसभर वास. त्या तिला आस म्हणत; कबरीवर तिची डहाळी ठेवतात. बाळापूरचं माहेरघर विकलं तेव्हा अम्मीच्या अंगणातलं तेवढंच त्यांनी उचलून आणलेलं. मागणाऱ्या पुष्कळ, पण डहाळी दिली ती एकट्या मला.

आणि मी? चोवीस वर्षांची, वेण्या दोन, अक्कल एकही नाही. मोर्शीहून बाबांच्या वावरातली काळी माती मागवली, ऐटीत कुंडी भरली, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. महिन्यात डहाळी वाळली. सासूबाई म्हणाल्या, हिच्या हातानं काहीच उगवत नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात पाळणा नव्हता — त्या कशाबद्दल बोलल्या ते मला कळलं.

राग कुणावर काढायचा? सासूवर? तेवढी छाती कुठे होती! आपा रोज भिंतीवरून विचारायच्या, फुटली का. मला वाटे, मुद्दाम मेलेली काडी दिली न् आता हिणवून राहिली बाई. मी सांगून टाकलं — फुटली, चार पानं आली. आणि दुपारी त्या झोपल्या की भिंतीवरून वाकून मिठाचं उकळतं पाणी झुडपाच्या बुडाशी. एकदा नाही, आठ दिवस. खोटं कशाला बोलू — मजा आली. पानं तांबूस होताना पाहून मी दोन घास जास्त जेवले.

झुडूप गेलं. मग मी माझी कुंडी उलटी केली. तळाशी चिखलाचा घट्ट गोळा, आणि त्यात डहाळीला फुटलेली केसांएवढी मुळं — कुजलेली. काडी जिवंतच होती. माझ्याच मातीनं, माझ्याच पाण्यानं मेली.

तो गोळा हातातच होता, तेवढ्यात आपा मागच्या दारानं आल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या,

“सुमन, माहं झाड गेलं वो. बरं झालं, एक डाली तुले देऊन ठेवली होती. अम्मीचं आता तेवढंच राह्यलं. दाखव बरं, केवढी झाली?”