लेट्यूसच्या मुळाशी तीर्थ

सकाळी सुनेने गॅलरीतल्या, मातीविना नुसत्या खतपाण्यावर भाजी वाढवायच्या नळीतून लेट्यूसचे रोप उचलले, तेव्हा आठवड्यापूर्वी शुभ्र असलेली त्याची मुळे तपकिरी, बुळबुळीत होऊन लोंबत होती.

"बाबा, पाण्याला दुधाचा वास येतोय. तुम्ही काही घातलंत का?"

घातले होते. अभिषेकाचे तीर्थ पायदळी जाऊ नये, झाडाच्या मुळाशी विसर्जित व्हावे, हे मी आयुष्यभर पाळत आलो. नवव्या मजल्यावर माती नाही. म्हणून दूध-मधाचे ते पाणी मी रोज श्रद्धेने या नळ्यांत ओतत होतो. माझ्या पत्नीच्या आजारात डॉक्टरांनी आशा सोडली आहे. तिची अन्नावरची वासना उडाली आहे. लिंबू पिळलेली हीच चार पाने तेवढी तिच्या घशाखाली उतरतात. त्यांना देवाचा स्पर्श व्हावा, एवढाच माझा हेतू होता.

माती आपले अज्ञान पोटात घेते आणि त्याचेही खत करते. या मोजूनमापून सिद्ध केलेल्या पाण्यात ते औदार्य नाही. आपली भक्ती समोरच्याला सोसेल का, हे मी कधी कोणाला विचारलेच नव्हते.

आतून पत्नीचा क्षीण आवाज आला, "अहो, तुमच्या देवाची आंघोळ माझ्या पानांना घातलीत होय? बरी सेवा केलीत!" ती हसली, आणि त्या हसण्यानेच तिला धाप लागली.

"नवी पाने कधी येतील?" मी सुनेला विचारले.

"दीड महिना तरी..." ती बोलता बोलता थांबली. तिने माझ्या पत्नीच्या खोलीचे दार हलकेच ओढून घेतले आणि बी भिजत घालायला बसली.