धरणातलं सैपाकघर

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी तिथं बदली झाली. रविवारी आम्ही कारकून मंडळी धरणावर फिरायला जायचो, ते खरं म्हणजे एका मामांच्या भज्यांसाठी. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडा धरणाच्या भिंतीवर असायचा. कुणी घाई केली की म्हणायचे, "दम धरा सायब, तेल आजून मनावर घेईना." पहिल्या घाण्यातलं एक भजं ते न चुकता पाण्यात टाकायचे. मला वाटायचं, माशांसाठी.

पुढं दुष्काळ पडला. पाणी हटत हटत तळाला गेलं आणि धरणात बुडालेल्या गावाची जोती उघडी पडली. ती बघायला ही गर्दी! मामा भिंतीवर नव्हते. खाली, भेगाळलेल्या गाळात, एका चौकोनी जोत्यावर त्यांची कढई दिसली. मी वर चढणार तोच ते म्हणाले, "चपला तिकडं काढा सायब. सैपाकघर हाय."

मी चपला काढल्या. पहिलं भजं त्यांनी कोपऱ्यातल्या काळ्या दगडावर ठेवलं. "माय हितं चूल पेटवायची."

मग हळूच म्हणाले, "फुडल्या ऐतवारी लेक येणार हाय हदगावहून. तिनं हे घर बघितलंच न्हाई. तवर पाऊस न्हाई आला तर बरं." आणि लगेच स्वतःच्या कानाची पाळी धरली. "असं बोलू नये."

त्याच पहाटे मी दोन हंड्यांसाठी टँकरच्या रांगेत उभा होतो.

"नाही येत तेवढ्यात," मी म्हणालो.