हक्क वर, कुत्रं खाली

कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्या डोळ्यांदेखत एकाचा कोंबडा बसमध्ये घेतला आणि मला खाली उतरवलं. कारण माझ्यासोबत माझी कुत्री होती, भिंगरी. तरुणपणी तापात माझे कान गेले, बोलणं तेवढं राहिलं. समोरच्याचे ओठ वाचून मी भागवते, बाकीचं ऐकायला भिंगरी. दार वाजलं, गजर झाला की ती नाकाने माझा गुडघा ढोसते. तसं लिहिलेलं पिवळं जाकीटही तिच्या अंगात असतं. कोंबड्याच्या अंगात काहीच नव्हतं.

मला येळ्ळूरला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. ऋतुजा लहानपणी माझ्यासाठी हातांच्या खुणांची भाषा शिकली. घरात ती एकटीच शिकली. मुहूर्त सकाळचा होता. मग वडापने (माणसं कोंबून नेणारी जीप) संध्याकाळी निपाणी गाठली आणि मुक्कामाला लॉज शोधू लागले.

निपाणी तंबाखूचं गाव. ओठ वाचणाऱ्या बाईने इथे फार काळ थांबू नये, निम्म्या ओठांमागे बार भरलेला असतो. दोन लॉजांनी आम्हाला पायरीही चढू दिली नाही. तिसऱ्याच्या मॅनेजरने निदान बाहेर जाऊन पिंक टाकली आणि मग बोलला.

“कुत्रं न्हाय चालायचं, आक्का.”

“अण्णा, ती माझे कान आहे. तिला सोबत ठेवायचा मला हक्क आहे.”

“हक्क हाय की! न्हाय कोण म्हणतंय? हक्क वर न्या. कुत्रं खाली ऱ्हाऊ दे.”

खोलीतला प्लग बंद होता, म्हणून उशाखाली थरथरून मला उठवणारा फोनही चार्जिंगला खाली काउंटरवर गेला.

“मला पाचला उठायचंय. कसं उठू?”

“मी हाय की. दार वाजवतो.”

“अहो, मला ऐकू येत नाही!”

“जोरात वाजवतो.”

झुणका-भाकरी खाल्ली आणि झोपले.

जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होतं. दार उघडलं तर बाहेर बनियनवर, टॉवेलवर पाहुणे उभे आणि मॅनेजर हात चोळतोय.

“लई वाजवलं, आक्का. अख्खं लॉज उठलं!”

माणूस शब्दाचा पक्का. खाली भिंगरीने साखळीला हिसके देऊन देऊन गळा सोलवटून घेतला होता.

येळ्ळूरला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पानात मांडे (कागदासारखी पातळ, घडी घातलेली गोड पोळी) आले. बेळगावकडचे लोक त्यांचं फार कौतुक करतात, मला चव लागली नाही. स्टेजवरून ऋतुजाने हातांनी विचारलं, ‘कुठं होतीस?’ तिला सगळं सांगता आलं असतं, पण माझे हात उठेनात. इतकं वाईट मला कान गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

परतताना पुन्हा निपाणी, पुन्हा तेच लॉज. मी भिंगरीला खाली बांधू लागताच मॅनेजरने स्वतः तिची साखळी परत माझ्या हातात दिली.

“हिला वर घिऊन जावा, आक्का. परवा गिऱ्हाइकं लई भडकली.”

‘कुत्र्यांना मनाई’ची पाटी जागेवरच होती. माझं भाचीचं लग्न चुकलं त्याने कुणाचं काही हललं नाही. चार पाहुण्यांची झोपमोड झाली, तेव्हा माझा हक्क जिना चढला.

पहाटे पाचला भिंगरीने गुडघा ढोसला. त्या दिवशी मला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं.