तोफेचा गुप्त आकडा

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. आधी पाणी, मग चूल, मग नवऱ्याचा खांदा. खांदा गदागदा हलवावा लागे, कारण हाकेनं जागं होणाऱ्यांतला तो राहिला नव्हता. दगडखाणीत सुरुंग लावता लावता त्याचे कान गेले होते.

ती त्याच खाणीत घण मारायची. घण मारणं म्हणजे नुसते हात उगारणं नव्हे. पाय रोवायचे, दगडाची शीर हेरायची आणि घण त्याच्याच वजनानं पडू द्यायचा. ज्याला हे जमत नाही तो दुपारीच गारद होतो. ती संध्याकाळपर्यंत टिके आणि वर भांडायला दम राखून ठेवी. नवऱ्याशी बोलून बोलून आवाज असा चढला होता की सगळी खाण तिला तोफ म्हणे.

तोफेला एकच गोष्ट हवी होती, नवऱ्याच्या कानाचं यंत्र. सुरुंगाआधी भोंगा वाजतो. ज्याला तो ऐकू येत नाही, तो कधी ना कधी दगडाखाली सापडतो. आजवर ती हात धरून त्याला आडोशाला ओढत आली होती. यंत्र शहरात मिळे. पण मजुरी मिळे चिठ्ठ्यांवर, आणि चिठ्ठ्या चालत फक्त मुकादमाच्या दुकानात.

"इथं ना बँक, ना फोनला रेंज," मुकादम म्हणे. "रोकड आणताना वाटेत लुटलं तर?"

त्याच्या दुकानात साबण मिळे, तेल मिळे. कान मिळत नव्हते.

मग बँकेनं खाणीच्या ऑफिसच्या छपरावर एक पांढरी चपटी थाळी बसवली. बँकेकडून आलेली मुलगी सगळ्यांना कार्डं वाटत म्हणाली, "याला इंटरनेट लागत नाही. ही थाळी थेट आकाशातल्या उपग्रहाशी बोलते. पगाराच्या दिवशी मशीनला कार्ड लावा, आपला गुप्त आकडा दाबा, मजुरी खात्यात. निरोप कुलूपबंद होऊन वर जातो आणि बँकेत उतरतो. मधे कुणाला वाचता येत नाही. फक्त आकडा कुणाला सांगू नका."

तिची जीप वळणाआड गेली आणि मुकादम कार्डं गोळा करायला लागला. "धुळीत हरवाल. माझ्याकडे ठेवा. आकडेही सांगा, मी सांभाळतो." दुकानाची उधारी डोक्यावर होती. बहुतेकांनी मुकाट्यानं दिली.

"मी नाही देणार," तोफ म्हणाली.

"अगं बाई, निदान नवऱ्याला तरी आकडा सांगून ठेव. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर?"

"त्याला सांगायचा म्हणजे सगळ्या खाणीला ऐकू जाईल. तुम्ही त्याचीच वाट बघताय ना?"

लोक तोंड फिरवून हसले. मुकादम हसला नाही.

पगाराच्या दिवशी बँकेची मुलगी मशीन घेऊन बसली, पण जोडणी काही मिळेना. मुकादमानं लगेच चिठ्ठ्यांचं पुडकं बाहेर काढलं. "उपग्रह झोपला वाटतं तुमचा. चला, ओळीनं या."

"खाली सगळं नीट आहे," मुलगी म्हणाली. "थाळीला मोकळं आकाश दिसायला हवं. वर काहीतरी आडवं आलंय."

तोफेनं पदर खोचला आणि शिडी चढली. थाळीवर पत्रा होता, वर चार दगड नीट ठेवलेले. तिनं हात ओळखला. खाणीत सुरुंगाआधी जे जे मोलाचं ते पत्र्याखाली झाकतात आणि धोका टळल्यावर सुटकेचा भोंगा वाजला की उघडतात. हे काम तिच्या नवऱ्याचं. सकाळच्या सुरुंगाआधी त्यानं थाळीही प्रेमानं झाकली होती. सुटकेचा भोंगा मात्र त्याच्यासाठी वाजलाच नव्हता.

तिनं पत्रा खाली भिरकावला. मुकादमानं काय ते ताडलं.

"भोंगा ऐकू येत नाही याला! उद्यापासून हा कामावर नको."

तोफ शिडीवरूनच कडाडली. "त्याचे कान याच खाणीत गेलेत, तुमच्या लग्नातल्या बँडनं नाही गेले! यंत्र येईपर्यंत तो सुरुंगाला हात लावणार नाही, माझ्याशेजारी खडी फोडेल. ठरलं."

"कुणी ठरवलं?"

"मी. काढायचं असेल तर दोघांना काढा. मग घण तुम्ही उचला. बघू दुपारपर्यंत टिकताय का."

मुकादम घणाकडे बघायचंसुद्धा टाळत होता. तेवढ्यात मशीन पीप पीप वाजलं. तोफ खाली उतरली, पाठीचा आडोसा करून आकडा दाबला. मशीनमधून कागदाची पट्टी सरसरत आली.

"मावशी, पैसे खात्यात जमा झाले," मुलगी म्हणाली.

रांगेतली एक म्हातारी मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. तिनं हात पुढे केला. "माझं कार्ड." तिच्यामागे दुसरा हात आला, मग तिसरा. मुलीनं सगळ्यांना तिथल्या तिथे आकडे बदलून दिले. चिठ्ठ्यांचं पुडकं टेबलावर तसंच राहिलं.

हंगाम संपेस्तोवर दोघांनी मिळून खडी फोडली. मग ती नवऱ्याला घेऊन शहरात गेली. दुकानदारानं यंत्र त्याच्या कानात बसवलं. तोफेनं पाठ वळवून त्याच्या मशीनवर आकडा दाबला आणि सवयीनं ओरडली, "अहो, ऐकू येतंय का?"

तो दचकून मागे सरला. "अगं, हळू बोल! मी काय बहिरा आहे?"

आता तो भोंगा ऐकतो, सुरुंग लावतो. त्याच्या कानात आकडा कुजबुजणं आता तिला सहज जमेल. पण तिनं तो अजून सांगितलेला नाही.