टेबलाची पिन आणि आल्याचा चहा

यांची कंबर गेली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "उकिडवं बसायचं नाही, वाकायचं नाही." मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाचं मग उरतं काय? आमचं गॅरेज म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड. ती बंद पडली असती तर यांना अंबडला कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर खुर्ची टाकून बसावं लागलं असतं. आणि हातात पाना नसला की हे दोन दिवसांत आजारी पडतात, हे मी लग्नापासून बघत आले होते.

गाडी उचलून धरणारं टेबल मिळतं, असं यांना कुणीतरी सांगितलं. गाडी त्यावर चढवायची, टेबल वर न्यायचं आणि उभ्याने काम करायचं. द्वारका चौकापलीकडे एका दुकानात बघायला गेलो. मला सोबत नेलं, कारण हे दुकानदाराच्या प्रत्येक वाक्याला "हो ना" म्हणतात. मी तर परक्या माणसापुढे तेवढंही म्हणत नाही. मी खांबाच्या आड उभी राहिले.

एक टेबल हवेवर चालणारं होतं, पण त्याला कॉम्प्रेसर लागायचा आणि ते लोडशेडिंगचे दिवस होते. ते बाद झालं. दुसरं पायाने पेडल दाबून वर न्यायचं. दुकानदाराने त्यावर गाडी चढवली, टेबल वर नेलं आणि गप्पा मारत बसला. बायका दुधावर ठेवतात तशी मी टेबलाच्या कडेवर नजर ठेवली. चहा येईपर्यंत ते बोटभर खाली आलं होतं. मी यांच्या कानात सांगितलं.

"वहिनी काय म्हणतात?" दुकानदाराने विचारलं.

"खाली येतंय म्हणते."

"वहिनींची नजर बघा! तेलाचा दाब आहे, थोडं उतरणारच. म्हणून तर ही पिन." त्याने वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड लोखंडी पिन टेबलाच्या पायातल्या भोकात सरकवली. "ही टाकली की हत्ती चढवा. नसेल टाकली तर खाली हात घालू नका."

तेच टेबल घेतलं. परत येताना रिक्षात मी किती ताठ बसले होते! पिनेचं महत्त्व अख्ख्या नाशकात मला एकटीला कळलं होतं.

पिनेसाठी टेबलाच्या पायात चार भोकं होती, म्हणजे चार उंच्या. कुठली बरी ते मी ठरवलं: माझ्या ओट्याएवढी. माझी कंबर ओट्यापाशी कधी दुखली नाही, एवढाच माझा अभ्यास. हे माझ्यापेक्षा हातभर उंच आहेत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. दोन दिवस यांनी माझ्या उंचीवर वाकून काम केलं आणि तिसऱ्या दिवशी पिन वरच्या भोकात घातली.

पेडल दाबताना यांच्या कंबरेत कळ यायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक समोर असलं की मी भिंतीकडे तोंड करून दाबायचे, जणू तो पाय माझा नाहीच. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "काय गं, नवीन शिलाई मशीन का? मला एक झंपर शिवून दे!"

पुढे माझ्या खलबत्त्यातला बत्ता हरवला. आलं कुटायला काहीतरी हवं होतं. पिन शेडमधल्या खिळ्याला टांगलेली होती, जड, गुळगुळीत, हातात बसणारी. धुऊन वापरली. आलं असं काही बारीक झालं की काय सांगू! घोटीचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, चहा लय भारी. काय टाकता हो?"

"आलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

यांना मात्र सांगितलं नाही. काम झालं की पिन धुऊन खिळ्याला लावायचे.

एके दुपारी वणीकडचे एक गृहस्थ आले. नवीन गिऱ्हाईक, इस्त्रीचा शर्ट. मी टेबल वर नेलं आणि खिळ्याकडे हात केला. खिळा रिकामा. पिन सकाळपासून खलबत्त्यात होती.

"पिन टाकली का गं?" यांनी विचारलं.

इस्त्रीच्या शर्टापुढे कसं सांगणार, पिन आल्यात आहे म्हणून? मी नुसतं "हं" केलं आणि आत पळाले. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण पिनेला आल्याचे दोरे चिकटले होते. ते कुणाला दिसले तर? मी नळाखाली पिन घासत बसले. मागल्या चाकाचा गंजलेला नट सैल करायला हे हातोडा मारत होते, त्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

दारात आले तर टेबल चांगलं चार बोटं उतरलेलं, आणि टेबलाच्या पायांच्या कैचीत पडलेला वायसर काढायला यांनी कोपरापर्यंत हात आत घातलेला. ओरडायला तोंड उघडलं. आवाजच आला नाही. आयुष्यभर न वापरलेली वस्तू ऐन वेळी कशी चालणार? मी धावत जाऊन पेडलवर पाय दिला आणि दाबत सुटले. पदर कुठे, केस कुठे.

"अगं, पुरे! पत्र्याला लावतेस का गाडी?" हे ओरडले आणि हात काढला. मनगटावर लाल वळ उठला होता, बाकी काही नाही. मग यांनी माझ्या हातातली पिन बघितली, नाकाशी नेली. "हिला आल्याचा वास येतोय."

तेव्हा आवाज फुटला. रडत रडत सगळं सांगितलं, बत्ता, चहा, तो "हं", सगळं. गृहस्थ छताकडे बघत होते. हे हसले नाहीत. हात चोळत एवढंच म्हणाले, "टाकली नसेल तर नाही म्हणायचं. मोठ्याने."

दुसऱ्या दिवशी यांनी भांडीबाजारातून पितळी बत्ता आणला. आता टेबल वर गेलं की हे विचारतात आणि मी "टाकली!" असं ओरडते की गिऱ्हाईक दचकतं. कुंपणापलीकडून शेजारीणही ओरडते, "टाकली गं बाई, ऐकलं!"

पिनेला यांनी साखळी लावून टेबलाला अडकवली आहे. साखळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या हातभर अलीकडे संपते. मी एकदा ओढून पाहिली.