सूनबाईची दोरी

आमच्या सूनबाईच्या पायाला भिंगरी आहे हे ठाऊक होतं, पण या उन्हाळ्यात तिनं कहरच केला. ती तळ्यांची शास्त्रज्ञ. सोमवारी बैठकीला एका गावी, बुधवारी कुठल्या प्रयोगशाळेत, आणि शुक्रवारी संध्याकाळी दारात उभी. "आई, आवरा. दोन दिवस मोकळ्या हवेत जाऊ." मोकळी हवा म्हणजे तळं, हे सांगायलाच नको. विश्रांतीला म्हणून निघायचं आणि होडीत जाऊन बसायचं! माझा मुलगा वल्ही मारणार, मी दुसऱ्या बाजूला वजन म्हणून बसणार, आणि ही बाई दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडणार.

थाळी दिसेनाशी झाली की दोरीवरच्या लाल खुणा मोजायच्या. थाळी जितकी खोल दिसेल तितकं पाणी स्वच्छ. शास्त्र एवढंच, पण त्याचे नखरे किती! थाळी होडीच्या सावलीतच सोडायची, काळा चष्मा चालायचा नाही, आणि बघायचं तिनंच. एकदा मी म्हटलं, "मला अजून दिसतेय गं."

"दिसत असेल, आई. पण सगळी तळी माझ्या डोळ्यांनी मोजलीत, आता मध्येच तुमचे कसे लावू?"

मला गप्प बसवणारी घरात ती एकटीच.

उन्हाळा सरत आला तसं तिच्या आकड्यांत सगळीच तळी गढूळ दिसायला लागली. तिचे साहेब हरखून गेले. तळ्यांच्या मोठ्या पाहणीचं काम कुणाला द्यायचं हे उन्हाळ्याअखेरच्या परिषदेत ठरणार होतं. त्या कामावर हिचा किती वर्षांपासून डोळा होता. "एवढी मोठी बातमी आणलीत, आता काम तुमचंच," साहेब फोनवर म्हणाले. ही मात्र घरभर नखं खात फिरत होती. "डोंगरावरच्या तळ्याकडे कुणी फिरकतही नाही. तेही बाकीच्यांइतकंच कसं बिघडलं?"

परिषदेच्या आदल्या सकाळी तिनं दोरी पॅसेजमध्ये सरळ पसरली आणि पोलादी टेपनं मोजली. खुणांमधलं अंतर वाढलेलं होतं. दोरी ताणली गेली होती. म्हणजे थाळी खोल जात होती आणि आकडा कमी लागत होता. पाणी बिघडलंच नव्हतं.

"एवढी ताणली कशानं?"

माझ्या मुलाचा चेहरा उतरला. "अगं, तू काठावर बाटल्या भरत होतीस तेव्हा... गाडी चिखलात रुतली होती ना. ओढून काढायला हाताशी दुसरं काही नव्हतं."

मी त्याची जी काही हजेरी घेतली ती इथे सांगण्यासारखी नाही. ती ओरडली नाही. तिथेच फरशीवर बसली आणि डोळे पुसत राहिली.

"आता मोजलंस ना?" तो चाचरत म्हणाला. "तेवढा फरक धरून आकडे दुरुस्त कर की."

"तेव्हा किती ताणली आणि नंतर किती आक्रसली, कुणाला ठाऊक? अंदाजाला आकडा म्हणू?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला परिषदेला सोबत नेलं. एकटीला जाववत नसावं. सभागृह गच्च भरलेलं. ती उठून मंचावर गेली आणि पहिलंच वाक्य बोलली, "या उन्हाळ्यात तळी गढूळ झाली नाहीत. माझी दोरी लांब झाली." कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं गाडी, चिखल, सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव काढलं नाही, "आमच्या हातून झालं" म्हणाली. मग शांतपणे खाली आली.

साहेब माझ्या पुढच्याच रांगेत होते. दबक्या आवाजात तिच्यावर खेकसले, "अहो, कुणाच्या लक्षातही आलं नसतं!"

"माझ्या आलं होतं ना, सर."

काम दुसऱ्याच कुणाला गेलं. नाव जाहीर झालं तेव्हा हिनं टाळ्या वाजवल्या, आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. इतका, की खुर्चीत धड बसवेना.

शेजारच्या बाई माझ्याकडे झुकून हळहळल्या, "बिचारी! सगळा उन्हाळा वाया गेला हो तिचा."

"बिचारी कुठली?" मी म्हटलं, आणि चांगलं पुढच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. "सून आहे माझी!"